सेकंडहँड डिझेल घेताना काय बघायचं? दिल्लीची २०१६ की ग्वाल्हेरचीच २०१८?

लष्करची_लेक

नमस्कार मंडळी. आम्ही ग्वाल्हेरला, लष्कर भागात राहतो. घरात पाच माणसं, त्यात सासूबाईंचे गुडघे दुखतात म्हणून जरा उंच गाडी असली तर बरं. माझं ऑफिस सिटी सेंटरला, म्हणजे रोजचं जाणं-येणं थोडंच. पण माहेर इंदूरला आहे आणि आईची तब्येत बरी नसल्याने महिन्यातून एकदा तरी शिवपुरी-गुना-ब्यावरा करत जावंच लागतं. जवळजवळ पाचशे किलोमीटर एका बाजूने. त्यामुळे डिझेलचा विचार आहे.

दोन गाड्या बघितल्यात. एक डीएल नंबरची डिझायर, २०१६ ची, एका डीलरकडे आहे. किंमत इतकी कमी की ह्यांना मोह पडलाय. दुसरी एमपी-०७ ची विटारा ब्रेझा, २०१८ ची, थाटीपूरला एका घरी उभी आहे, पहिलेच मालक आहेत. ती बरीच महाग आहे.

डीलर म्हणतो, "इंजिन मक्खन है, मॅडम." मला इंजिनातलं फारसं कळत नाही. पण हा पैसा वर्षानुवर्षं साठवलेला आहे आणि रात्री गुन्याच्या पुढे गाडी बंद पडली तर सासूबाईंना घेऊन कुठे उभं राहायचं, ही काळजी आहे. जुनी डिझेल घेताना नक्की काय बघायचं? आणि दिल्लीची गाडी इतकी स्वस्त का?

राजवाडा_इंदूर

ताई, आधी एक सांगा, महिन्याचं एकूण रनिंग किती होईल? हजाराच्या वर असेल आणि त्यातलं बरंचसं हायवेचं असेल तरच डिझेलला अर्थ आहे. नुसतं लष्कर ते सिटी सेंटर असतं तर मी सरळ नको म्हटलं असतं. डिझेल इंजिन तापायला वेळ लागतो. तापायच्या आत गाडी बंद, परत संध्याकाळी तसंच. ईजीआरमध्ये, म्हणजे थोडा धूर परत इंजिनात सोडणाऱ्या व्हॉल्व्हमध्ये, काजळी धरते ती अशाच वापराने.

लष्करची_लेक

इंदूरचं धरून बाराशेच्या आसपास जाईल. सुट्टीत पुण्याला जाऊ तेव्हा जास्त.

पेट्रोलच_बरी

माझं मत वेगळं आहे, ते मांडतो. २०१२ च्या सुमारास पेट्रोल आणि डिझेलमध्ये लिटरमागे पंचवीस-तीस रुपयांचा फरक होता, म्हणून सगळे डिझेलकडे धावले. २०१४ च्या ऑक्टोबरात सरकारने डिझेलचे भाव बाजारावर सोडले आणि ते गणित बदललं. आता फरक चौदा-पंधरा रुपये धरा. पेट्रोल गाडी १६ चं अॅव्हरेज देते, डिझेल २० चं, असं मानलं तर किलोमीटरला साधारण दोन रुपये वाचतात. बाराशे किलोमीटरला महिन्याचे चोवीसशे, वर्षाचे अठ्ठावीस-एकोणतीस हजार.

हे पैसे खरे आहेत, नाही म्हणत नाही. पण जुन्या डिझेलमध्ये इंजेक्टर (इंजिनात डिझेल फवारतात ते) आणि क्लच एकाच वर्षी निघाले तर ते सगळे तिथेच जातात. आणि ग्वाल्हेरला मेळा आहे. ज्या वर्षी सरकार जाहीर करतं त्या वर्षी मेळ्यात नव्या गाडीच्या रोड टॅक्सवर निम्मी सूट मिळते. नवी छोटी पेट्रोल त्या सुटीत बसते का, हे एकदा बघा तरी.

लष्करची_लेक

मेळ्यात जाऊन आलो. सूट धरूनही पाच माणसं सामानासकट नीट बसतील अशी नवी गाडी आमच्या आवाक्यात येत नाही. कर्ज काढायचं नाही असं ठरवलंय.

चंबळपार

मी फरीदाबादला नोकरीला, घर मुरारला. दिल्लीच्या गाडीबद्दल मी सांगतो, कारण इथे रोज बघतो.

ती स्वस्त आहे ती इंजिन वाईट आहे म्हणून असेलच असं नाही. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये एनसीआरमध्ये, म्हणजे दिल्ली आणि आसपासच्या पट्ट्यात, दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्या चालवायला मनाई केली. सुप्रीम कोर्टाने ऑक्टोबर २०१८ मध्ये तेच कायम केलं. मग २०२५ च्या जुलैत अशा गाड्यांना दिल्लीच्या पंपांवर इंधन द्यायचं नाही असं ठरलं, चार-दोन दिवसांत ते थांबलं, ऑगस्टमध्ये कोर्टाने कारवाई थांबवायला सांगितलं. असं सारखं हलतं असल्यामुळे नववं-दहावं वर्ष आलं की तिथले मालक गाडी काढून टाकतात आणि ती ग्वाल्हेर, झाशी, शिवपुरीला येते. २०१६ ची गाडी आत्ताच का विकायला आलीय, ते यातच आलं.

यात चांगल्या गाड्याही असतात. एक फायदाही सांगतो. दिल्लीत बीएस-४, म्हणजे धुराचं बीएस-३ पेक्षा कडक मानक, २०१० पासूनच होतं, देशभर ते १ एप्रिल २०१७ ला आलं. त्यामुळे जुन्या काळातली दिल्लीची गाडी बीएस-४ असते आणि त्याच सालची लहान शहरातली बीएस-३ असू शकते. आरसीवर लिहिलेलं असतं, वाचून घ्या.

आता तोटा. ग्वाल्हेरच्या माणसाला दिल्ली लांब नाही. एम्सला जायचं, विमानतळावर कोणाला सोडायचं, लग्नाला जायचं. दहा वर्षं उलटलेली डिझेल एमपीच्या नंबरावर असली तरी एनसीआरमध्ये तो नियम तिलाही लागतो, बीएस-४ वरची कारवाई सध्या थांबलेली असली तरी. शिवाय हिवाळ्यात प्रदूषण वाढून ग्रॅपचा, म्हणजे प्रदूषण आवरायच्या सरकारी योजनेचा, तिसरा टप्पा लागला की दिल्ली, गुरुग्राम, फरीदाबाद, गाझियाबाद, नोएडा इथे बीएस-४ डिझेल चारचाकीला बंदी येते. म्हणजे ही अडचण ब्रेझालाही आहे, फक्त तिला हिवाळ्यापुरती. तुमचं जाणं इंदूरच्या बाजूला आहे म्हणून फार बिघडत नाही, पण माहीत असू द्या.

आणि कागद. एनओसी, म्हणजे ना हरकत दाखला (फॉर्म २८), दिल्लीच्या आरटीओने *दिलेली* आहे का? "निघेल हो, आठवड्यात देतो" यावर पैसे देऊ नका. ती ग्वाल्हेर आरटीओच्या नावाने असली पाहिजे. मग इथे नवा नंबर घेताना मध्य प्रदेशचा रोड टॅक्स परत भरावा लागतो, तो डीलरच्या किमतीत नसतो. ती रक्कम विचारून किमतीत मिळवा आणि मग ब्रेझाशी तुलना करा. दिसतो तेवढा फरक उरत नाही.

थाटीपूरकर_वहिनी

+१. आमच्या शेजारी दिल्लीची गाडी आली ती एनओसी अडकल्याने कित्येक महिने दारात उभी होती. जुन्या मालकाचं कर्ज फिटलेलं, पण बँकेचं नाव आरसीवरून काढलेलंच नव्हतं. फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र आहे का, हे आधी विचारा.

टॅपेट_कव्हर

मुरारला राहतो. डिझेल गाड्यांच्या वर्कशॉपात आयुष्य गेलं, आता घरीच असतो. जरा लांब लिहितो, पण ताईंनी गुन्याच्या पुढचं लिहिलंय ते वाचून राहवलं नाही.

पहिली गोष्ट, दोन्ही गाड्यांचं इंजिन मुळात एकच. फियाटचं १.३ मल्टिजेट, १२४८ सीसी. डिझायरमध्ये ७५ हॉर्सपॉवरचं, ब्रेझामध्ये ९० चं. तेच स्विफ्ट, अर्टिगा, सियाझमध्ये, तेच टाटाच्या व्हिस्टा, मांझा, झेस्टमध्ये, तेच पुंटो-लिनियात. टाटा-फियाटचं आपल्या पुण्याजवळच्या रांजणगावला बनायचं. मारुतीने एप्रिल २०२० ला, बीएस-६ आलं तेव्हा, डिझेल बंद केलं. तरी सुट्या भागांची चिंता नाही, आणि ब्यावऱ्याच्या मिस्त्रीलाही हे इंजिन पाठ आहे. रस्त्यात अडकायची भीती असेल तर माझ्या मते हीच सगळ्यात मोठी गोष्ट. याला टायमिंग चेन आहे, बेल्ट नाही. डस्टर, फोर्डची १.५, फोक्सवॅगन-स्कोडाच्या टीडीआय, जुनी इनोव्हा २.५, यांना बेल्ट. बेल्ट वेळेवर बदललेला नसेल आणि तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि इंजिन खोलावंच लागतं. चेनला ती मुदत नसते, पण ऑइल वेळेवर बदललं नाही तर ती सैल पडते आणि थंड इंजिन चालू करताना खडखड करते.

आता बघायचं कसं. आत्ता जानेवारी आहे, हे तुमचं नशीब. ग्वाल्हेरच्या थंडीत सकाळी सातला जा, आणि आदल्या दिवशीच मालकाला सांगून ठेवा की मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. पोचल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवा. गरम लागला तर चहा घेऊन परत या, दुसऱ्या दिवशी जा. गरम इंजिनात निम्मे रोग झाकले जातात. चावी फिरवा, हीटर प्लगचा (थंड इंजिन उठावं म्हणून आत तापतो तो) पिवळा दिवा विझू द्या, मग सेल्फ मारा. चांगली गाडी एक-दोन सेकंदांत उठते. क्षणभर पांढरट धूर चालेल. पांढरा धूर येतच राहिला, डोळ्यांत झोंबला आणि कच्च्या डिझेलचा वास आला तर हीटर प्लग, इंजेक्टर किंवा कॉम्प्रेशन यापैकी काहीतरी आहे. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. ती गाडी सोडा. काळा धूर चढावर किंवा एकदम अॅक्सिलरेटर दाबल्यावर दिसेल, तो इंजेक्टर, ईजीआर किंवा टर्बोचा (इंजिनात जास्त हवा ढकलतो तो) पाइप फुटल्याने येतो. बरा होण्यासारखा असतो, पण किमतीत पकडा.

इंजिन तापलं की चालू ठेवूनच ऑइलचं झाकण सैल करून नुसतं ठेवा. थोडं थरथरलं तर ठीक. उडी मारून पडलं, खालून धुराचे भपकारे येऊ लागले, तर त्याला आम्ही बॅक कॉम्प्रेशन म्हणतो. म्हणजे पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरचे बोअर झिजलेत. "मक्खन" म्हणणाऱ्याच्या समोरच हे करा.

डिपस्टिकवर ऑइल काळं दिसलं म्हणून घाबरू नका. डिझेलचं ऑइल बदलल्यावर लगेच काळं होतं. घाबरायचं ते ऑइल दुधाळ दिसलं तर, किंवा पातळी वरच्या खुणेच्याही वर असली तर. कूलंटच्या बाटलीत तेलकट तवंग दिसला तर हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाखालचं पॅकिंग, गेलंय.

टर्बोला जाणारा हवेचा पाइप काढायला सांगा. आत तेलाचा पातळ थर असतोच. ओघळ असेल तर नाही. चालवताना शिट्टीसारखा बारीक आवाज चालतो, सायरनसारखा चढत जाणारा नको. ब्रेझाचा टर्बो बदलत्या पात्यांचा आहे. गाडी कायम शहरातच हळू फिरलेली असेल तर पाती काजळीने अडकतात आणि चढावर एकदम ताकद जाते. म्हणून नुसता कॉलनीला चक्कर मारून परत येऊ नका. मालकाला बाजूला बसवून शिवपुरी रोडला काढा, तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण ओढून बघा. त्याच वेळी क्लचही कळतो. इंजिनाचा आवाज वाढतो पण गाडी वेग घेत नाही, तर प्लेट गेली.

विश्वामित्रीकाठ

बडोद्याहून लिहितोय. वरचं सगळं बरोबर आहे, त्यात एक भर घालतो. पुरात बुडालेली गाडी. ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस विश्वामित्रीला पूर आला तेव्हा आमच्याकडे कितीतरी गाड्या पाण्याखाली गेल्या. दिल्लीत २०२३ च्या जुलैत यमुना चढली होती. अशा गाड्या धुऊन-पुसून लांबच्या शहरात विकल्या जातात, कारण तिथे कोणी विचारत नाही.

डिझेलला पाण्याचा धोका जास्त आहे. कॉम्प्रेशन इतकं असतं की सिलिंडरमध्ये पाणी असताना कोणी सेल्फ मारला तर पाणी दबत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. वाकलेल्या रॉडवर गाडी काही दिवस चालतेही.

ओळखायचं असं: सीटबेल्ट पूर्ण शेवटपर्यंत ओढा. जो भाग कधी बाहेरच येत नाही त्यावर मातीची रेघ दिसते का बघा. लोक सीट बदलतात, कार्पेट बदलतात, बेल्ट कोणी बदलत नाही. मग सीट ज्या पट्टीवर सरकते तिचे बोल्ट, स्टेपनीखालचा खड्डा, डॅशखालचा फ्यूज बॉक्स. आमच्या भावाला अहमदाबादच्या एका डीलरने अशीच गाडी दाखवली होती. वरून चकाचक, बेल्ट ओढला तर रेघ. तिथूनच परत फिरलो.

लष्करची_लेक

@टॅपेट_कव्हर काका, किती मनापासून लिहिलंत. प्रिंट काढून ठेवलंय. मीटरचं कसं ओळखायचं? डिझायर मीटरप्रमाणे फारच कमी चाललेली आहे.

चंबळपार

कमी चाललेली दिल्लीची डिझेल? तिकडे लोक डिझेल घ्यायचेच रोजच्या लांब जाण्यायेण्यासाठी. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरवर नंबर देऊन सर्व्हिसचा इतिहास मागवा. शेवटच्या नोंदीत किलोमीटर किती होते ते बघा, आणि त्यानंतर नोंदी अचानक बंद झाल्यात का तेही बघा. एमपरिवहन या सरकारी अॅपवर मालक किती झाले, विमा कधी संपला, चलन किती बाकी, हे कळतं.

टॅपेट_कव्हर

मीटर खोटं बोलेल, पेडलचं रबर बोलत नाही. क्लचच्या पेडलची कड घासून गुळगुळीत झालेली असेल, स्टिअरिंग डावी-उजवीकडे चकाकत असेल आणि मीटर म्हणत असेल चाळीस हजार, तर विश्वास ठेवू नका. टायरवर चार आकड्यांची तारीख असते. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. ३५१९ म्हणजे २०१९ चा पस्तिसावा आठवडा. तीस हजार चाललेल्या गाडीचे चारही टायर बदललेले असतील तर कारण विचारा.

आणि बयाणा द्यायच्या आधी एक काम नक्की करून घ्या, इंजेक्टरची रिटर्न टेस्ट. खर्च फार नाही. प्रत्येक इंजेक्टरची डिझेल परत जाणारी बारीक नळी काढतात आणि तिथून चार सारख्या बाटल्यांत नळ्या सोडतात. इंजिन काही मिनिटं चालू ठेवतात. चारही बाटल्यांत जवळपास सारखं डिझेल जमलं तर उत्तम. एखादी भराभर भरली, तर तो इंजेक्टर आतून झिजलाय आणि प्रेशर परत सोडतोय. यात कोणाच्या मताचा प्रश्नच येत नाही, बाटल्या समोर दिसतात. भेसळीचं डिझेल आणि फिल्टरमधलं पाणी वेळेवर न काढणं, यानेच इंजेक्टर जातात. तीनशे रुपये वाचवायला फिल्टर बदलत नाहीत आणि नंतर हजारोंचं काम काढतात, हे बघून आजही जीव तुटतो.

नवा_सदस्य_०९

धाग्याशी जवळचाच प्रश्न म्हणून विचारतो. इंदूरला २०२१ ची बीएस-६ क्रेटा डिझेल बघतोय. तिला हेच सगळं लागू का?

राजवाडा_इंदूर

हो, आणि वर डीपीएफ. बीएस-६ डिझेलला सायलेन्सरच्या वाटेत काजळी अडवणारा फिल्टर असतो. तो भरला की इंजिन ज्यादा उष्णता देऊन ती काजळी जाळतं, पण त्यासाठी गाडी सलग काही वेळ वेगात चालावी लागते. विजयनगर ते राजवाडा इतकंच फिरवणाऱ्याच्या गाडीत ते अर्धवट राहतं, दिवा लागतो, आणि जळायला म्हणून सोडलेलं डिझेल ऑइलमध्ये उतरतं. काकांनी वर ऑइलची पातळी वाढलेली नको म्हटलंय, ते इथे फार महत्त्वाचं. बघायची सोपी खूण: सायलेन्सरच्या तोंडात रुमाल फिरवा. डीपीएफ ठीक असेल तर रुमाल जवळपास स्वच्छ राहतो. काळाकुट्ट झाला तर फिल्टर फुटलाय किंवा कोणीतरी काढून टाकलाय, आणि काढणं बेकायदा आहे. आधीचा मालक देवास-भोपाळ करणारा असेल तर त्याची जास्त चाललेली क्रेटा मी शहरातल्या कमी चाललेलीपेक्षा आधी घेईन.

पेट्रोलच_बरी

हे शेवटचं वाक्य मलाही पटलं. ताईंचं रनिंग आणि घरची अडचण बघता त्यांच्यासाठी डिझेल योग्य आहे, माझा विरोध मागे घेतो. पण ब्रेझाच बघा.

लष्करची_लेक

अपडेट देते.

डिझायर सोडली. सर्व्हिस सेंटरवर शेवटच्या नोंदीतले किलोमीटर आजच्या मीटरपेक्षा जास्त निघाले. डीलरला दाखवलं तर म्हणाला लिहिणाऱ्याची चूक असेल. ह्यांनी तिथेच नमस्कार केला.

ब्रेझाकडे सकाळी अंधारातच गेलो. बॉनेट गार होता. हीटरचा दिवा विझल्यावर लगेच उठली. ऑइलचं झाकण थरथरलं, उडालं नाही. सीटबेल्ट स्वच्छ. मालक रेल्वेतून निवृत्त झालेले आहेत, मुलाकडे भोपाळला जायचे, सर्व्हिसची बिलं फाइलला लावलेली. शिवपुरी रोडला पूर्ण ओढली, ताकद कुठे गेली नाही. सासूबाईंना मागे बसवून नेलं होतं, त्यांना चढायला-उतरायला त्रास झाला नाही.

रिटर्न टेस्टला मात्र तिसऱ्या नंबरची बाटली बाकीच्यांच्या जवळजवळ दुप्पट भरली. आता काय करावं? बाकी सगळं इतकं चांगलं आहे की सोडवत नाही.

टॅपेट_कव्हर

सोडू नका. एकच इंजेक्टर आहे आणि इंजिन निरोगी आहे. तेवढा काढून बेंचवर तपासायला द्या. दुरुस्त होत असेल तर दुरुस्त, नाहीतर बदली. काहीही झालं तरी नव्या किंवा दुरुस्त इंजेक्टरचा कोड संगणकाने गाडीत टाकून घ्या. पुष्कळ जण तो टाकतच नाहीत आणि मग गाडी आयडलला, म्हणजे उभी असताना, हलते. काम मालकांच्या नावे बिल करून होऊ दे, पैसे किमतीतून वजा. डिझेल फिल्टर त्याच दिवशी बदला. इंदूरला जायच्या आधी परत एकदा चार बाटल्या लावा.

चंबळपार

मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर त्यांच्या सह्या घेऊन आरटीओला लगेच द्या. विम्याला चौदा दिवसांत कळवा. त्यांचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, हप्ता थोडा वाढेल.

लष्करची_लेक

मालकांशी बोललो. त्यांनी स्वतःच म्हटलं की इंजेक्टरचं काम करूनच गाडी देतो, किमतीतून कापायची गरज नाही. पडावजवळच्या बेंचवाल्याकडे दिलाय, नोझल बदलून मिळतंय, कोडही तोच टाकणार आहे. बाटल्या परत लावल्यावर चारही सारख्या आल्या तर सोमवारी सह्या. @नवा_सदस्य_०९, रुमालाचं काय झालं तेही लिहा.